बर्फावरच्या वेगामागची कारागिरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोठलेल्या तलावांवर वाऱ्याच्या जोरावर धावणाऱ्या यानांविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला मजकूर वाचला. वेगाच्या विक्रमासाठी चालणारी तयारी म्हणजे श्रीमंत देशांतल्या हौशी लोकांचा उद्योग, असा त्याचा एकंदर सूर होता. वागळे इस्टेटमधील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारे आणि साचे बनवणाऱ्या विभागात, उभी हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला तो पटला नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

वाऱ्यावर चालणारे वाहन वाऱ्यापेक्षा वेगाने कसे धावेल, ही वाचकाच्या मनात येणारी पहिली शंका मजकुरात तशीच राहिली आहे. वारा थेट पाठीमागून घेतला, तर शिडाला वाऱ्याच्या वेगापलीकडे जाता येत नाही. पण तो आडवा घेतला की यान जसजसा वेग घेते, तसतसा त्याला जाणवणारा वारा अधिक जोराचा होतो आणि समोरच्या बाजूला सरकतो. विमानाचा पंख उभा रोवावा तसे हे ताठ शीड त्या वाढलेल्या वाऱ्यातूनच पुढे ओढणारे बळ मिळवते. यानाला आडवे घसरू न देणारी पकड आणि कमीत कमी अवरोध एवढे साधले, तर वाऱ्याच्या कित्येक पट वेग मिळतो. ११ डिसेंबर २०२२ रोजी ग्लेन ॲशबी यांनी ऑस्ट्रेलियातील गेर्डनर या कोरड्या मिठागराच्या तळ्यावर चाकांच्या यानातून ताशी २२२.४ किलोमीटरचा विक्रम केला, तेव्हा वारा ताशी सुमारे ४० किलोमीटरच होता.

बर्फावर घर्षण याहूनही कमी. तरीही तिथे आजवर सांगितला जातो तो वेग १९३८ सालचा आहे: अमेरिकेतील विनेबागो तलावावर जॉन बकस्टाफ यांनी गाठलेला ताशी सुमारे २३० किलोमीटरचा. आजच्या काटेकोर मोजमापाचा आधार त्या आकड्याला नाही. म्हणूनच नव्या प्रयत्नांना महत्त्व आहे.

माझ्या मते या तयारीचा गाभा शिडात नसून बर्फाला टेकणाऱ्या पोलादी पात्यांत आहे. पात्याची धार साधारण काटकोनाची ठेवतात; तिचा मधला भाग जवळजवळ सपाट आणि दोन्ही टोके किंचित उचललेली असतात, जेणेकरून पाते वळेल, पण आडवे सरकणार नाही. लांब, अरुंद पट्टी ग्राइंडरवर घासताना कूलंट (थंड ठेवणारे द्रव) जरा कमी पडले, तर ती तापून कमान धरते, आणि ती कमान डोळ्याला दिसत नाही. पट्टी सरफेस प्लेटवर (अचूक सपाट पाटावर) ठेवून तिच्यावरून डायल गेज (सूक्ष्म उंच-सखलपणा दाखवणारे काट्याचे मापक) फिरवला की काटा हलतो, तेव्हाच ती कळते. शिवाय दोन्ही बाजूंची पाती एकमेकांना समांतर हवीत, आणि तीही चालकाचे वजन ती पाती धरणाऱ्या आडव्या फळीवर पडून फळी वाकल्यानंतर. रिकाम्या यानावर जुळवलेली पाती माणूस बसताच फाकतात आणि एक पाते सतत दुसऱ्याच्या विरुद्ध बर्फ खरवडत राहते. हा हिशेब ज्याने केला, त्याला हौशी म्हणणे मला जमणार नाही.

एवढे करूनही बर्फ आपल्या सोयीने मिळत नाही. वर हिम साचलेले नको, तडे नकोत, जागोजागी भोके पाडून जाडी पाहिलेली हवी, आणि वारा तलावाच्या लांबीला योग्य कोनात, झोत न मारता वाहायला हवा. बर्फ फुटलाच, तर त्यात रुतवून वर येण्यासाठी टोकदार खुंट्यांची जोडी हे लोक गळ्यात बाळगतात. ॲशबी यांच्या चमूलाही ऑस्ट्रेलियात पावसाने भरलेले तळे सुकण्याची काही महिने वाट पाहावी लागली होती.

राहिला उपयोगाचा प्रश्न. २००९ साली अमेरिकेतील इव्हानपाह या कोरड्या तळ्यावर ताशी २०२.९ किलोमीटर वेग नोंदवणारे रिचर्ड जेन्किन्स त्याआधी सुमारे दहा वर्षे याच कामात होते. ताठ पंख आणि त्याला वाऱ्याच्या बेताने वळवणारी मागची लहानशी शेपटी, ही रचना त्यांनी पुढे माणसाविना समुद्रात फिरणाऱ्या ‘सेलड्रोन’ नौकांना दिली. सप्टेंबर २०२१ मध्ये अटलांटिकवरील ‘सॅम’ चक्रीवादळाच्या आत शिरून अशाच एका नौकेने तिथली मोजमापे आणि चित्रफीत पाठवली. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळ शेजारच्या रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हाची धास्ती ठाणे-नवी मुंबईकर विसरलेले नाहीत. समुद्रावरच्या अशा नोंदींचे मोल आम्हांला कुणी सांगायला नको.

आमच्या भागातील अभियांत्रिकीची मुले स्पर्धांसाठी गाड्या बांधतात आणि कधी कधी धार किंवा जुळवणीच्या शंका घेऊन माझ्याकडे येतात. त्यांच्यासाठी आपण पात्यांची रचना, पंखाचा छेद आणि वाऱ्याच्या दिशांची आकृती देऊन या विषयावर एक सविस्तर लेख छापावा, ही विनंती. पात्यांच्या आकृत्या काढून देण्याची माझी तयारी आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त टूलरूम कारागीर,
वर्तकनगर, ठाणे