केली माउंटनवर थांबलेल्या सांगलीच्या मुलाला, थँक्यू

प्रिय बाळा,

तू म्हणालास माझं नाव कुठे टाकू नका काकू, म्हणून टाकत नाही, पण थँक्यू मात्र मला सगळ्यांसमोर म्हणायचंय. फोनवर म्हणायला गेलं की तू "त्यात काय एवढं" म्हणतोस आणि लगेच जेवलात का, थंडी पडली का असं काहीतरी विचारून विषय बदलतोस. इथे तुला मधे बोलता येणार नाही. आणि आपल्या इकडच्या मराठी मंडळींनीही हे वाचावं असं मला फार वाटतंय, का ते पुढे येईलच.

बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगते. केप ब्रेटन म्हणजे कॅनडाच्या पूर्वेला नोव्हा स्कोशियातलं बेट, आणि त्यातल्या सिडनी गावात माझं लहानपण गेलं. बाबा तिथल्या स्टील प्लांटमधे मेटलर्जिस्ट होते, १९७० नंतरची गोष्ट. मी सातवीत असताना आम्ही पुण्याला परतलो, लग्नानंतर मी पुन्हा कॅनडात आले ती टोरंटोजवळच्या मिसिसागाला, आणि बेटावर जायचं जायचं म्हणत राहूनच गेलं. रिटायर झाल्यावर एक छोटा १६ फुटी ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं राहायचं घर, घेतला, ओढायला शिकले, आणि सप्टेंबरमधे एकटी निघाले. मिसिसागापासून जवळजवळ दोन हजार किलोमीटर. घरचे काळजीत होते पण मला एकटीलाच जायचं होतं, कारण बरोबर कुणी असलं की त्यांना भूक लागलीय का, कंटाळा आलाय का हेच बघत बसते मी, आणि मला त्या रस्त्यांवर नुसतं थांबून बघायचं होतं.

कॅन्सो कॉजवेवरून बेटावर चढले तेव्हा खूप रडू आलं. समुद्रात दगड टाकून केलेला रस्ता आहे तो, १९५५ साली सुरू झाला, त्याआधी लोक फेरीने यायचे. बाबा दर वेळी त्या रस्त्यावर गाडीची काच खाली करायचे, कितीही थंडी असली तरी. मीपण केली.

बॅडेकच्या पुढे सेंट ॲन्स सोडलं की केली माउंटनचा घाट लागतो. रस्ता समुद्रापासून साधारण २४० मीटर वर चढतो आणि पलीकडे उतरत उतरत थेट सील आयलंड ब्रिजवर जातो. उतार सुरू व्हायच्या आधी एक लूक-ऑफ आहे, गाड्या थांबवून फोटो काढायची जागा. तिथे मी थांबले ते फोटोसाठी नाही, मागून जळल्यासारखा वास येत होता. उतरून बघते तर ट्रेलरचं उजवं चाक, मधला हब इतका तापलेला की जवळ हात नेववत नव्हता, आणि चाकाच्या आतल्या बाजूला सगळीकडे काळं ग्रीस उडालेलं. निघायच्या आधी पूर्ण सर्व्हिसिंग झालं होतं, पण ग्रीस आत धरून ठेवणारं आतलं सील गेलं होतं. रविवारची दुपार, फोनला रेंज येऊन जाऊन, आणि टोइंगवाल्याने सांगितलं की संध्याकाळ होईल, कदाचित उद्या.

तुम्ही चौघं मुलं तिथे सेल्फी काढत होतात. तू माझ्या ट्रेलरच्या मागच्या काचेवरचा गणपती बघितलास आणि थेट विचारलंस, "काकू, मराठी का?" बाळा, एवढ्या लांबच्या बेटावर, त्या घाटात, तो प्रश्न ऐकून मला काय वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही.

पुढचं तू सगळं विसरला असशील, मी नाही विसरले. तू आधी वाकून वास घेतलास, मग म्हणालास, "असं घेऊन खाली उतरू नका, बेअरिंग गेलंय." मी विचारलं तुला यातलं कसं कळतं, तर म्हणालास, "आमच्या घरी उसाच्या ट्रॉल्या हायेत, सीझनला हेच काम." वडिलांच्या हाताखाली आठवीपासून ट्रॉलीची चाकं खोलणारा मुलगा केप ब्रेटन युनिव्हर्सिटीत सप्लाय चेनचा डिप्लोमा करतो आणि रात्री कॉफीच्या दुकानात काम करतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढं दिसलं की तू घाई केली नाहीस. दुसऱ्या चाकाला माझे गुटके लावलेले होते तरी तू जाऊन दोन मोठे दगड आणलेस आणि तेपण लावलेस. जॅक ॲक्सलला न लावता फ्रेमला लावलास. हब गार व्हायची वाट बघितलीस, मग हबची टोपी काढून, कॉटर पिन सरळ करून, नट सोडवून ड्रम हळूच बाहेर ओढलास.

ग्रीस पुसून बेअरिंगवरचे नंबर वाचलेस, आतलं एल ६८१४९ आणि बाहेरचं एल ४४६४९. माझ्या ट्रेलरला ३५०० पाउंडाचा ॲक्सल आहे, त्या मापात हे नंबर कुठल्याही दुकानात मिळतात हे तू मला तेव्हा सांगितलंस, आता मला पाठ झालेत. आतल्या दांड्यावर नख फिरवून बघितलंस, चरे नाहीत, निळा पडलेला नाही, म्हणालास वाचलो. मग मित्राची गाडी घेऊन सिडनीला गेलास, दुकान पाचला बंद होतं म्हणून, आणि दोन मित्रांना माझ्यापाशी ठेवून गेलास. त्या दोघांनी, एक केरळचा, एक लुधियानाचा, मला एक मिनिटही एकटं वाटू दिलं नाही. त्यांनाही थँक्यू, माझा निरोप सांग.

सामान घेऊन आल्यावर तू जे केलंस त्यासाठी हे पत्र आहे खरं तर. तुला अर्ध्या तासात सगळं बसवून मोकळं होता आलं असतं. उजेड कमी होत होता, तुला रात्री ड्यूटी होती. तरी तू म्हणालास, "काकू, तुम्ही एकट्या फिरताय, हे तुमच्या हाताला यायला पाहिजे." आणि माझ्या तळहातावर ग्रीसचा गोळा ठेवलास. बेअरिंगची कड त्यावर दाबून ओढायची, परत दाबायची, ग्रीस वरच्या बाजूने रोलरच्या फटींतून बाहेर येईपर्यंत. पहिलं तू भरलंस, दुसरं मी. मी भरलेलं तू उजेडाकडे धरून बघितलंस आणि म्हणालास, हितं राहिलंय बघा. परत भरायला लावलंस. मग चाक फिरवत फिरवत नट आवळायचा, मग सैल करायचा, मग नुसत्या बोटांनी लावायचा, आणि नवीन पिन घालायची. चाकाचे नट समोरासमोरचे आवळायचे, आणि थोडं अंतर गेल्यावर थांबून परत एकदा तपासायचे. आयुष्यात मला खूप लोकांनी खूप वस्तू दुरुस्त करून दिल्यात, पण हातात पाना देऊन, समोर उभं राहून, न हसता न वैतागता कुणी शिकवलं नव्हतं. साठी उलटलेल्या बाईला तर लोक बाजूलाच बसायला सांगतात.

पैसे तू घेतले नाहीस. सामानाचे घेतलेस, तेही पावती दाखवून. आणि अंधारात मिरा रिव्हरच्या कॅम्पग्राउंडपर्यंत माझ्या मागे हॅझर्ड लाइट लावून आलात तुम्ही, तिथून परत सिडनी, तिथून ड्यूटीवर.

आता दुसऱ्या दिवसाचं. मी तुला जेवायला बोलावलं, ट्रेलरमधे पिठलं-भात केला, आणि तू विचारलंस काकू तुमचं घर दाखवा ना. आपण आधी व्हिटनी पियरला, कारखान्याशेजारच्या आमच्या वस्तीत, गेलो. तुला मी सांगितलं की इथे वाळत घातलेले कपडे कारखान्याच्या धुळीने नारिंगी व्हायचे, म्हणून आई साड्या तळघरात वाळवायची. रात्री स्लॅग, म्हणजे भट्टीतला तापलेला मळ, ओतायचे तेव्हा आकाश लाल व्हायचं आणि मी खिडकीत जाऊन बसायचे. घर उभं आहे, रंग बदललाय, बाहेर अनोळखी मुलांच्या सायकली होत्या. ज्या शेजारच्या आजींनी आईला पहिल्या थंडीत स्वतःचे बूट दिले, बर्फ कसा उपसायचा ते दाखवलं, केक शिकवला, त्यांचं घर तर राहिलंच नाही. ओळखीचं कुणी भेटेल असं मला मनातून वाटत होतं. कुणी भेटलं नाही.

मग ओपन हार्थ पार्क. स्टील प्लांट होता तिथे आता गवत आहे, मुलांची खेळायची जागा आहे, चालायचे रस्ते आहेत. प्लांट २००१ ला बंद झाला, बाजूचे टार पॉन्ड्स, म्हणजे कारखान्याच्या विषारी गाळाची तळी, साफ करायला ४० कोटी डॉलर लागले, आणि २०१३ ला हे पार्क झालं. मला वाटलं होतं बघून बरं वाटेल. बरंही वाटलं, इतकी घाण होती तिथे, लोक आजारी पडायचे. पण बाबांचं गेट कुठे होतं ते मला सापडेना आणि मी एकाच जागी उभी राहिले. तू तेव्हा काही समजूत घालत बसला नाहीस. तू प्रश्न विचारलेस. बाबा कितीला जायचे, डबा काय न्यायचे, पगारातून घरी पैसे पाठवायचे का. मी तुला १९६७ चं सांगितलं, कंपनीने कारखाना बंद करणार असं जाहीर केलं तेव्हा हजारो लोक रस्त्यावर उतरले, आणि पुढच्या वर्षी प्रांत सरकारने तो चालवायला घेतला, म्हणून तर पुढे बाबांना नोकरी मिळाली. तू म्हणालास, "आमच्याकडं साखर कारखाना बंद पडला तवा असंच झालतं, गावचा बाजारच बसला." एवढं तू बोललास आणि मला वाटलं की या जागेचं दुःख समजणारं माणूस माझ्या शेजारी उभं आहे. माझ्या स्वतःच्या मुलांना मी हे इतकं सांगू शकले नव्हते.

हे मी उघडपणे लिहितेय त्याचं कारण हे. आपल्याच लोकांमधे, जे इथे आधी आले, स्थिरावले, त्यांच्यात बसलं की हल्ली विद्यार्थ्यांबद्दल काय काय ऐकू येतं. ही मुलं कशाला येतात, एकेका घरात किती जण राहतात, नोकऱ्या अडवतात. मला आता ते ऐकवत नाही. ती मुलं तेवढ्या गर्दीत राहतात कारण गावात भाड्याने घरंच मिळत नाहीत, आणि फी मात्र भरमसाट भरतात. आपण आलो तेव्हा आपल्याला कुणीतरी बूट दिले होते. ज्यांना कुणी बूट दिले नाहीत तीच मुलं घाटात अनोळखी बाईच्या चाकाखाली दगड लावतायत. मी बेटावर जुनी माणसं शोधायला गेले होते, आणि माझ्या आईशी ती आजी जशी वागली तसं वागणारा तू भेटलास, बेटावर येऊन जेमतेम वर्ष झालेला.

पुढचा प्रवास छान झाला. केप स्मोकीचा घाट ट्रेलर घेऊन चढले आणि उतरले, दुसऱ्या गिअरमधे, ब्रेक धरून न ठेवता, तू सांगितलंस तसं. वर पोचल्यावर दोन्ही हबना हात लावून बघितला, नुसते कोमट. इंगनिशजवळ ब्रॉड कोव्हला राहिले, रात्रभर लाटांचा आवाज, सकाळी धुकं, फार सुंदर. घरी आल्यावर डाव्या चाकाचं सील आणि बेअरिंग मी स्वतः बदललं. फोटो तुला पाठवलाय, नीट बघ आणि काही राहिलं असेल तर स्पष्ट सांग.

आता माझं एक ऐक. डिसेंबरच्या सुट्टीत खोलीत बसून राहू नकोस, मिसिसागाला ये, मित्रांनापण आण, झोपायची सोय आहे. रेझ्युमे पाठव, इकडे वेअरहाउस आणि लॉजिस्टिक्समधली माझ्या ओळखीची चार माणसं आहेत, मी त्यांच्याशी बोलून ठेवलंय. आणि तुझ्या वडिलांचा नंबर दे. मला त्यांना सांगायचंय त्यांच्या मुलाने काय केलं ते, तू सांगितलं नसणार याची खात्री आहे मला.

तुझी,
ट्रेलरवाली काकू