घोरणाऱ्या पेशंटचा श्वास मोजा

महोदय,

राजापूर-देवगडकडच्या छोट्या रुग्णालयांत ऑपरेशननंतरच्या रात्री पेशंटजवळ बहुधा घरचेच माणूस बसते. पेशंट घोरू लागला की ‘गाढ झोप लागली’ म्हणून सगळे निर्धास्त होतात. पण ऑपरेशननंतर दिली जाणारी मॉर्फिन, फेंटानिल, ट्रामाडॉल ही वेदनाशामके मेंदूतले श्वसनकेंद्र मंदावतात; ते घोरणे त्याचीच खूण असू शकते. पहिले २४ तास सर्वांत जोखमीचे. नुसत्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. नाकाला ऑक्सिजन लावलेला असला की आकडा ९७-९८ दिसत राहतो आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत जातो. छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. ते दहाच्या खाली गेले, किंवा खांदा हलवूनही पेशंट धड जागा होत नसेल, तर तत्काळ नर्सला बोलवा; तोवर हनुवटी वर उचलून धरा आणि त्याला हाका मारत राहा.

या वेदनाशामकांचा परिणाम उलटवणारे नालोक्सोन हे औषध प्रत्येक वॉर्डात हवेच. मात्र त्याचा असर ३० ते ९० मिनिटांत ओसरतो, मॉर्फिनचा त्यानंतरही राहतो आणि पेशंट पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. त्यामुळे शुद्धीवर आला म्हणून देखरेख सैल करू नये.

झोपेच्या गोळ्या, मूत्रपिंडाचा विकार, रोजचे घोरणे हे भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. दारूही लपवू नका.

– एक भूलतज्ज्ञ, रत्नागिरी