नाकात काडी घालणाऱ्या सिस्टरना

सिस्टर, तुमचं नावच विचारायचं राहिलं बघा, मास्कमुळं चेहरा पण नीट बघितला नाही. गणपतीत रात्री साडेदहाला नऊ महिन्यांचं पोर घेऊन आलेली, सगळ्यांशी भांडणारी बाई आठवते का, ती मी.

दोन दिवस दूध ओढत नव्हता, छाती घरघर करायची, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडायचा. आधी एका ठिकाणी दाखवलं तर न तपासताच अँटिबायोटिकची बाटली हातात. तुमच्याकडं डॉक्टर म्हणाले नाकाचा स्वॅब घेऊ, आणि सासूबाईंनी तिथंच डोळ्याला पदर लावला, कारण कोरोनात त्यांना कोणीतरी सांगितलेलं की काडी मेंदूपर्यंत जाते. मी पण नाहीच म्हणलं.

तुम्ही चिडला नाहीत. स्वतःच्या गालावर बोट ठेवून दाखवलंत, काडी वर जातच नाही हो, सरळ मागं, कानाच्या दिशेनं. विषाणू आतल्या पेशींमध्ये असतो म्हणून नुसता बाहेरचा शेंबूड पुसून तेवढं नीट कळत नाही, हे पण सांगितलंत. मग आमचीच चादर मागून त्याचे हात आत गुंडाळले, मला खुर्चीत बसवलं, त्याची पाठ माझ्या छातीला, पाय माझ्या मांड्यांमध्ये, माझा एक हात त्याच्या कपाळावर. "ढिलं धरू नका, हलला तर परत घालावी लागंल. रडणार आहे, पण चार-पाच सेकंदच." हे "रडणार आहे" आधीच सांगितलंत ना, त्यानंच मला धीर आला, नाहीतर सगळे आपले काही होत नाही काही होत नाही करत असतात.

तुम्ही काडी फिरवून काढली, गुलाबी पाण्याच्या नळीत मोडून बर्फाच्या डब्यात ठेवली पण, मी अजून डोळे मिटून बसलेली.

आरटीपीसीआरला आरएसव्ही निघाला, म्हणजे लहान पोरांच्या छातीत उतरणारा एक विषाणू. व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही म्हणून ती बाटली बंद, दोन दिवस ऑक्सिजन, नाक साफ करून थोडं थोडं दूध, बास. थोरलीला लागू नये म्हणून अक्कलकोटला मावशीकडं धाडली. नंतर वाचलं की हा विषाणू 1956 साली पहिल्यांदा चिंपांझींमध्ये सापडला, तर सासूबाई म्हणतात तरीच ह्याचे माकडचाळे वाढलेत.

काल शेंगाचटणी घेऊन आले होते, तर तुमची नाईट होती म्हणे. डबा काउंटरवर ठेवलाय, झाकणावर "स्वॅबवाल्या सिस्टर" लिहिलंय. जरा तिखट झालीय, दही घेऊन खा.