वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र: एमआरआयची खोली अजून कुलूपबंद आहे

माननीय मंत्री महोदय,

नमस्कार. मी विदर्भातल्या एका सरकारी कॉलेजात रेडिओलॉजीची सेकंड इयर रेसिडेंट. तुम्ही आमच्याकडे आलात, दिवाळीआधी एमआरआय सुरू करतो म्हणालात, फोटो काढून गेलात. होळी झाली. काल रात्री नातेवाईकांनी माझ्या ज्युनियरची कॉलर धरली, कारण मणक्याला मार लागलेल्या पोराला एमआरआयसाठी नागपूरला न्या असं त्याला सांगावं लागलं. शब्द तुमचा, मार आम्ही खायचा?

रात्री सीटी, सोनोग्राफी, वॉर्डातले पोर्टेबल एक्स-रे सगळं एका रेसिडेंटवर. डोक्यात रक्तस्राव आहे की नाही ते पहाटे तीनला मी एकटी ठरवते, बघायला सीनियर नाही, आणि त्याच रिपोर्टवर पेशंट ऑपरेशनला जातो. सकाळी सर फायनल करतात, पण दोन सरांवर अख्खं डिपार्टमेंट, शिकवायला त्यांना वेळ कुठून येईल? वर फॉर्म एफ, म्हणजे गरोदर बाईच्या सोनोग्राफीला भरायचा सरकारी फॉर्म. गर्भलिंग तपासणी रोखणारा पीसीपीएनडीटी कायदा हवाच, त्यावर माझं काही म्हणणं नाही, पण नोंदीतली चूकही गुन्हा धरता तर भरायला एक क्लार्क तरी द्या ना! रेडिएशनपासून वाचवणारे लेड ॲप्रन घड्या घालून घालून चिरलेत, अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणाऱ्या टीएलडी बॅजचे रिपोर्ट आम्हाला कोणी दाखवत नाही.

केंद्राने १९९२ लाच सांगितलंय, रेसिडेंटची ड्युटी साधारण दिवसाला १२ तास आणि आठवड्याला ४८. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा टास्क फोर्स म्हणाला आठवड्याला ७४ पेक्षा जास्त नको. आमचे शंभराच्या वर जातात, कोणीही येऊन ड्युटी रजिस्टर बघा. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मला एक दिवस सुट्टी मिळाली नाही. बाबांनी कापूस विकून शिकवलं, गावात सांगतात पोरगी मोठ्या मशिनची डॉक्टर होऊन राहिली. त्यांना कसं सांगू की एमआरआय मी यूट्यूबवर शिकते आणि परीक्षेत त्याच्याच केसेस समोर ठेवणार आहेत?

तुम्ही लोक सीटा वाढवता, नवीन कॉलेजांचे बोर्ड लावता, कॉलेजची तपासणी आली की इकडचे डॉक्टर तिकडे नेऊन बसवता, तपासणी झाली की खुर्च्या परत रिकाम्या. पुण्या-मुंबईत हे चाललं असतं का? यवतमाळ-गडचिरोलीच्या माणसाने मात्र गाडी करायची नि नागपूर गाठायचं, रस्त्यात जीव गेला तर गेला.

एमआरआयची तारीख लेखी द्या, रात्री एक सीनियर द्या, सीटीच्या दारात गार्ड द्या आणि फॉर्म एफला क्लार्क द्या. पुढच्या महिन्यात आमची इंटर्नल परीक्षा आहे, त्याच्या आधी उत्तर हवंय.

– एक रेसिडेंट डॉक्टर