गोळ्या गावातच मिळाव्यात

ग्रामीण भागातील मानसोपचारतज्ज्ञांच्या टंचाईवरील अग्रलेख वाचला. दुखणे बरोबर ओळखले आहे. पण तज्ज्ञांची पदे भरली की प्रश्न सुटेल, हे पटत नाही. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण यायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात आणि बरे वाटू लागल्यावरही त्या किमान ६ महिने घ्याव्या लागतात. घोडे अडते ते इथेच. माझ्या नात्यातील एका बाईंनी तिसऱ्याच महिन्यात उपचार सोडले. चिठ्ठीवर त्याच गोळ्या पुन्हा लिहून घेण्यासाठी त्यांची दिवसाची मजुरी बुडायची, दोन गाड्या बदलाव्या लागायच्या आणि कुठे निघालात, या शेजारच्या प्रश्नाला दर वेळी नवे उत्तर शोधावे लागायचे. चार महिन्यांत त्यांनी पुन्हा अंथरूण धरले.

प्रशिक्षित साधे डॉक्टर आणि परिचारिकाही नैराश्य, अपस्मार यांसारख्या आजारांवर उपचार करू शकतात, ही भूमिका जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये सुरू केलेल्या 'एमएचगॅप' या मानसिक आरोग्यसेवेतील दरी भरून काढण्याच्या कार्यक्रमात आहे. गुंतागुंतीचे रुग्ण तज्ज्ञांनी जरूर पाहावेत. पण पुढच्या महिन्याच्या गोळ्या आणि 'झोप लागते का?' एवढी चौकशी, या दोन गोष्टी ताप-खोकल्याच्या रांगेतच, जवळच्या आरोग्य केंद्रात मिळायला हव्यात.

– एक वाचक