राहेल सांत्वन पावेना

जालना
9 डिसेंबर 2025

प्रिय आबा,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या पाडव्याला तू फोनवर विचारलंस, “मास्तर, वहिनी नाहीत, मग यंदा नाताळ करणार का?” मी “बघू” म्हणालो आणि तुझ्या सोयाबीनचा पंचनामा झाला का, असं विचारून विषय बदलला. फोन ठेवल्यावर वाईट वाटत राहिलं. इतक्या वर्षांच्या दोस्तीत माझ्या धर्माबद्दल तू मला सरळ विचारलेला हा दुसराच प्रश्न. पहिला 1993 सालचा. त्याला मी उत्तर दिलं होतं, आणि ते उत्तर आजही मला सलतं. म्हणून आज दोन्ही प्रश्नांना धरून लिहायला बसलोय.

त्या वर्षी 30 सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास भूकंपानं तुमची जमीन हलली. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गावं उशिरा झोपलेली. दोन-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती आणि वर माळवदाची माती. उन्हाळ्यात ज्या घराच्या गारव्याचं तू डी.एड.च्या होस्टेलवर कौतुक सांगायचास, ते घर झोपेतल्या माणसांवर बसलं. चौथ्या दिवशी मी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या पोरांबरोबर घोंगड्या, भांडी आणि गव्हाच्या पिठाची पोती घेऊन तुझ्या गावात पोचलो. तू बाभळीखाली बसला होतास. माय आणि धाकटी बहीण, दोघींना एकाच सरणावर द्यावं लागलं होतं, कारण लाकडं पुरत नव्हती. माझ्याकडे बघून तू म्हणालास, “तुझा देव पहाटे चारला कुठं होता रे?”

मी चोवीस वर्षांचा होतो. खिशात बायबलातला नवा करार, छोट्या पुस्तकाचा, होता. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं वचन मी तुला ऐकवलं, की जे देवावर प्रीती करतात त्यांच्यासाठी सगळ्या गोष्टी मिळून कल्याणाच्याच होतात. तू शेवटपर्यंत ऐकून घेतलंस. मग उठलास आणि टँकरवरून तांब्याभर पाणी आणून मला दिलंस. म्हणालास, “उन्हातून आलायस.”

आबा, ते वचन आजही मी खरं मानतो. पण ते मी ज्या जागी, ज्या वेळी काढलं, ते पाप होतं. तुझी माय तेव्हा राख होऊन चार दिवससुद्धा झाले नव्हते. मला तुझ्या दुःखाची भीती वाटली आणि ते लवकर झाकून टाकायला मी देवाचा शब्द वापरला. बत्तीस वर्षांनी माफी मागतोय. तू कधी हे काढलं नाहीस, म्हणून जास्तच मागतोय.

हे मला कळलं ते या श्रावणात, तुझी वहिनी गेली तेव्हा. दोन वर्षं दर बुधवारी आणि शनिवारी एसटीनं संभाजीनगर, चार तास डायलिसिसचं मशीन, पुन्हा एसटी. तू तर पाहिलंस, शेवटी शेवटी तिचा हात कसा झाला होता. मातीला आलेली माणसं चांगलीच होती, माझ्यावर माया करणारी. पण कुणी म्हणालं, “देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात.” कुणी म्हणालं, “सुटली बिचारी, साक्ष ठेवून गेली.” एकानं तर खांद्यावर हात ठेवून मला तेच वचन ऐकवलं. रोमकरांस आठवा अध्याय. तेव्हा मला तुझा तांब्या आठवला.

तू तीन दिवस राहिलास. पहाटे उठून पाणी भरलंस, अंगण झाडलंस, आल्यागेल्याला चहा केलास. रात्री माझ्या खाटेशेजारी सतरंजी टाकून झोपलास. देवाचं नाव काढलं नाहीस, दैवाचंही नाही. आमच्या बायबलात ईयोब नावाच्या माणसाची गोष्ट आहे. लेकरं गेली, जनावरं गेली, अंगभर फोड आले. त्याचे तीन मित्र लांबून आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले. एक शब्द बोलले नाहीत, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं. त्यांचं बिघडलं ते आठव्या दिवशी, तोंड उघडल्यावर. मग पुढचे कितीतरी अध्याय ते देवाची बाजू मांडत राहतात आणि ईयोब देवाशी भांडत राहतो. शेवटी देव येतो आणि त्या मित्रांना सांगतो, तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. भांडणाऱ्याची बाजू देवानं घेतली. ही गोष्ट मी शाळकरी वयापासून ऐकत आलो, पण त्या पहिल्या सात दिवसांकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. तू खाटेशेजारी घोरत होतास तेव्हा गेलं.

आता नाताळचं. आमच्या चर्चमध्ये लेकरांचं नाटक असतं, ते तू एकदा पाहिलंयस. मरीया, योसेफ, टॉवेल बांधलेले मेंढपाळ, पुठ्ठ्याचा मुकुट घातलेला हेरोद राजा आणि पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ज्ञानी लोक. मागी लोकांनी सोनं, ऊद आणि गंधरस दिलं की टाळ्या होतात आणि केक वाटतात. नाटक बसवायला मीच असतो, दर वर्षी. आणि दर वर्षी मी ते तिथंच थांबवतो. पण बायबलात ही गोष्ट लिहिणारा मत्तय तिथं थांबत नाही. तो पुढं लिहितो, की मागी आपल्याला फसवून गेले हे कळल्यावर हेरोदानं बेथलेहेमात आणि आसपासच्या भागात दोन वर्षांचे आणि त्याहून लहान मुलगे मारून टाकले. योसेफ रातोरात मायलेकराला घेऊन मिसरात पळाला, म्हणून ते एक वाचलं. आणि मग मत्तयानं यिर्मया संदेष्ट्याचं जुनं वचन घातलंय, यहुदी लोकांची पूर्वज माता राहेल हिच्याबद्दलचं: राहेल आपल्या मुलांकरता रडते आहे, आणि ती नाहीत म्हणून ती सांत्वन पावेना.

सांत्वन पावेना. हे वाक्य नाताळच्या गोष्टीतच आहे रे, नंतरच्या कुठल्या पुस्तकात नाही. तिला कुणी गप्प करत नाही. तिला कुणी वचन ऐकवत नाही. मत्तय तिचं रडणं तसंच ठेवतो आणि पुढं जातो. हे लिहिताना त्याला सोपं गेलं असेल असं मला वाटत नाही. देवाचा लेक वाचला आणि शेजारणींची लेकरं मेली, हे लपवता आलं असतं. त्यानं लपवलं नाही. माझ्या विश्वासाला आज आधार कशाचा, असं कुणी विचारलं तर मी या वाक्यावर बोट ठेवीन. जे पुस्तक त्या मायांना विसरलं नाही, त्याचं बाकीचं मी ऐकून घेऊ शकतो.

मराठीत हे वाचताना मला पंडिता रमाबाई आठवतात. तरुणपणी दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. पुढं भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तोवर नवरा गेला. एकुलती एक लेक मनोरमा, तीही 1921 साली गेली. बाई तेव्हा केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायबल मराठीत आणायचं काम करत होत्या, साध्या बायामाणसांना वाचून कळेल अशा भाषेत. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. लेक गेल्यावरही त्यांनी काम सोडलं नाही, आणि 5 एप्रिल 1922 ला त्याही गेल्या. राहेलचं वाक्य पुन्हा नजरेखालून जाताना त्या बाईला काय वाटलं असेल, याचा विचार मी या चार महिन्यांत पुष्कळदा केला.

तुला आमच्या बेथेलची गोष्ट माहीत आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ वसवलेलं गाव. स्वतः ब्राह्मण घरातले, आणि आयुष्य घातलं आमच्या मांगवाड्यातल्या लोकांसाठी. माझ्या पणजोबांचे वडील त्या पहिल्या लोकांतले. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत, की त्यांनी जन्माची गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा ते एका शब्दावर अडले: गव्हाण. मरीयेनं लेकराला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, कारण उतारशाळेत त्यांना जागा नव्हती. म्हातारबा म्हणाले म्हणे, “जागा नव्हती, हे आम्हाला समजावून सांगायची गरज नाही. पुढं सांगा.” गावाबाहेर राहणाऱ्या, दुसऱ्याच्या गोठ्यात राबणाऱ्या माणसाला गव्हाण काय असते हे ठाऊक होतं. कडब्याचा वास, शेणाचा वास, जनावराचा गरम श्वास. देव तिथं आला असेल, तर तो आपल्याही घरी येऊ शकतो, एवढं त्यांना त्या रात्री कळलं.

तुझी वहिनी याच्या पुढं जायची. ती म्हणायची, “गव्हाण कशाला असते? चारा ठेवायला. खायचं ठेवतात त्या जागी लेकरू ठेवलं.” बेथलेहेम या हिब्रू शब्दाचा अर्थ भाकरीचं घर. मोठा झाल्यावर येशू म्हणाला, जीवनाची भाकर मी आहे. ती हे सगळं परातीत पीठ मळता मळता सांगायची, उपदेश करतेय असं कधी वाटायचं नाही.

गेल्या वर्षीचा नाताळ बुधवारी आला. म्हणजे डायलिसिसचा वार. मी म्हणालो, एक दिवस पुढं ढकलू. डॉक्टर नको म्हणाले. पहाटे पाचच्या एसटीनं निघालो. अंगावर तिनं नवी साडी नेसली होती, मशीनवर जायचं तरी. शेजारच्या खाटेवर भोकरदनकडची एक मुसलमान आजी होती, तिनं पदराखालून खजूर काढून आम्हाला दिले. पलीकडं परतूरचा एक पोरगा, बारावी झालेला, भिंतीकडं तोंड करून पडलेला. त्याची माय दाराशी बसून होती. रक्त त्या नळ्यांतून बाहेर जात होतं, आत येत होतं. मला फार राग आला आबा. जालन्यात त्या वेळी चर्चमध्ये ढोलकी वाजत असेल, “आज आनंदाचा दिवस” म्हणत असतील, आणि इथं हे. मी तिला म्हणालो, “आपण दोन वर्षं प्रार्थना केली. देवानं काहून ऐकलं नाही?”

ती बराच वेळ बोलली नाही. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, “त्यानंही इचारलं होतं की. खांबावर. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ त्यालाबी उत्तर आलं नाही.”

हे वाक्य मी शंभरदा वाचलंय. बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे, येशूनं वधस्तंभावर ती म्हटली. पण “त्यालाबी उत्तर आलं नाही” हे मला कधी दिसलं नव्हतं. गव्हाणीतलं लेकरू मोठं होऊन तिथवर गेलं, जिथं माणूस “का” विचारतो आणि वरून शांतता असते. देव त्या शांततेच्या आतल्या बाजूला आहे, आपल्याकडच्या बाजूला. इम्मानुएल म्हणजे आम्हांबरोबर देव, असं आम्ही पताकांवर लिहितो. माझ्यासाठी त्याचा अर्थ तेव्हापासून ती खाट झाली.

म्हणजे मला उत्तर मिळालं, असं नाही. पहाटे चारला देव कुठं होता, हे मी तुला अजूनही सांगू शकत नाही. तो भिंत पाडत नव्हता, एवढं मी छातीवर हात ठेवून म्हणेन. भिंती कशा रचल्या होत्या आणि खालची जमीन का सरकली, ते तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. आणि माळवदाखाली जे होते त्यांच्यात तो होता, असा माझा विश्वास आहे. सिद्ध करता येणार नाही. मेलेल्या मित्राच्या, लाजरच्या, कबरीपाशी येशू पुढच्या घटकेला त्याला उठवणार होता, हे त्याला ठाऊक होतं, तरी तिथं योहानानं दोन शब्द लिहून ठेवलेत: येशू रडला. पुढं उठवणार असणारासुद्धा आधी रडतो. पुनरुत्थानाची आशा मी सोडलेली नाही. तुझ्या वहिनीला मी पुन्हा भेटेन हे मी मनापासून मानतो. पण आशा आहे म्हणून आज रडू नये, असं त्याच्या वागण्यात मला कुठं दिसत नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर: होय, नाताळ करणार. घराला चुना लावणार नाही, नवे कपडे घेणार नाही. करंज्या सुनेला जमतील तेवढ्या. नाटकही बसवतोय, पण या वेळी मागी गेल्यावर थांबवत नाही. सहावीतली एक पोरगी आहे, तिचे वडील गेल्या वर्षी कर्जापायी गेले. तिनं स्वतःहून राहेलचं काम मागितलं. मी नको म्हणत होतो. ती म्हणाली, “सर, मला येतं ते.” एकच वाक्य आहे तिला, आणि त्यानंतर मी कुणाला टाळ्या वाजवू देणार नाही, तसं पाळकसाहेबांना सांगून ठेवलंय. ते आधी थोडे अडले. सणासुदीला असं नको, म्हणाले. मग त्यांनी स्वतः तो अध्याय पुन्हा वाचला आणि परवा म्हणाले, ठेवा.

तू ये. तुझं रान वाहून गेलंय, पैशाची ओढ आहे, मला माहीत आहे. गाडीभाड्याचं मनावर घेऊ नकोस, ते मी बघतो. 24 ला दुपारच्या लातूर गाडीनं निघ, मी स्टँडवर असेन. येताना तुझ्या घरची जवारी दोन किलो आण, पावसात जी थोडी वाचली त्यातली. मी भाकरी शिकलोय आबा. कडा अजून फाटतात, पण पापुद्रा येतो. रात्री तुझ्या पिठाची करू, सोबत ठेचा. माझ्या खाटेशेजारी तुझी सतरंजी टाकून ठेवतो.

तुझा,
मास्तर