खंबाटकी घाटातल्या त्या तिघांचे आभार

साताऱ्याकडे जाताना खंबाटकीत आमच्या टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) असलेल्या गाडीने निळा धूर सोडला आणि ऑइलचा लाल दिवा पेटला. दर हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल पिते म्हणून आधीच्या गॅरेजने टर्बोच बदलायला सांगितलं होतं. ट्रकवाल्या दादांनी इंजिन लगेच बंद करायला लावलं. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, अगदी कोरडी! दुचाकीवरच्या एका मुलाने धावपळ करून ५डब्ल्यू-३० ग्रेडचं इंजिन ऑइल आणून दिलं. सुरूरजवळच्या गॅरेजवाल्या काकांनी ऑइलचं झाकण उघडून बघितलं, मग पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनात साचणारे वायू बाहेर सोडणारी झडप) काढून दाखवला: काळ्या चिकट गाळाने पार तुंबलेला. त्यामुळे इंजिनातला दाब वाढून ऑइल टर्बोच्या सीलमधून बाहेर पडत होतं. टर्बो शाबूत होता. आई सोबत होती; तिला त्यांनी आधी चहा दिला. नावं विचारायची राहिली. मनापासून आभार.